काकूंचं नाव कोण विचारणार

मुंगी कशाकशाला घाबरायची हे सगळं सांगत बसले तर चहा गार होईल, म्हणून थोडक्यात सांगते. लिफ्टला घाबरायची, मधेच अडकली तर. पालीला घाबरायची, अंगावर पडली तर. फोन वाजला की दचकायची आणि बराच वेळ नाही वाजला की जास्त दचकायची. नवरा गाडी शिकवणारा. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसायचं, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय टेकवून गाणं गुणगुणायचं, हा त्याचा धंदा. पण घरच्या गाडीत त्याच्या शेजारी बसून ही बाजारात निघाली की हिचा पाय सारखा नसलेल्या ब्रेकवर. "अगं, पत्रा फाटेल खालचा," तो म्हणायचा.

आणि अशी ही बाई नर्स होती. तीही कुठली, तर रक्ताच्या आजारांच्या वॉर्डातली. तिथं येणाऱ्यांपैकी कुणाचं शरीर रक्त बनवायचं विसरलेलं, कुणाचं नको तसलं रक्त भराभरा बनवणारं, कुणाचं जरा खरचटलं तरी वाहणारं. महिन्या-पंधरा दिवसांनी यायचं, रक्ताची पिशवी लावून घ्यायची, नाहीतर कीमोची बाटली, आणि परत जायचं. वर्षानुवर्षं सुया खाऊन बिचाऱ्यांच्या शिरा रुसून बसलेल्या. त्या रुसलेल्या शिरांची समजूत काढावी ती हिनंच. हिची सुई टोचली हे कळेपर्यंत टोचून झालेलं असायचं, मुंगी चावून गेल्यासारखं. म्हणून नाव मुंगी. पेशंट म्हणायचे, मग नर्स म्हणायला लागल्या, मग एकदा तर मोठे डॉक्टरही राउंडला "मुंगीला बोलवा" म्हणून गेले आणि पुढच्या पलंगापर्यंत लाजत राहिले.

वॉर्डात मात्र ती घाबरायची नाही. घरची चप्पल दाराबाहेर काढून आतली घालायची, तशी भीतीपण बाहेर काढून ठेवायची म्हणा ना.

त्या वॉर्डाची एक रीत होती. नावानं हाक कुणी कुणाला मारायचंच नाही. इतकी वर्षं येणारं माणूस म्हणजे घरचंच झालं, त्याला काय नावानं बोलवायचं? दारातले काका, पंख्याखालचे आजोबा, खिडकीवाल्या काकू. नावं होती, पण ती पलंगाच्या पायाशी लटकवलेल्या फाइलीत. फाइलीतलं नाव फाइलीपुरतं, तोंडात आपलं काका-काकू. मुंगीला विचारलं असतं की खिडकीवाल्या काकूंचं आडनाव काय, तर तिला आठवायला वेळ लागला असता. पण त्यांच्या डाव्या हाताची कुठली शीर कुठं वळते, ते झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं.

तर एक दिवस मेट्रनबाईंनी तिला बोलावून घेतलं. मेट्रनबाई म्हणजे आडव्या बांध्याच्या, कमरेला किल्ल्या, आणि रागावल्या की आवाज खाली आणणाऱ्या.

"कोर्सला तुझं नाव दिलंय," त्या म्हणाल्या.

"कसला कोर्स?"

"रक्ताच्या आजारांच्या नर्सिंगचा. मोठ्या हॉस्पिटलात. आठवड्यातले दोन दिवस तिकडे, बाकीचे इकडे. शेवटी त्यांच्या बाई इथं येऊन तुझं काम बघणार. पास झालीस तर सर्टिफिकेट. आणि ऐक, पुढच्या वर्षापासून नियम आहे, हा कोर्स झालेल्यांनीच रक्त आणि कीमो लावायची."

"आणि बाकीच्यांनी?"

"बाकीच्यांनी ताप मोजावा."

मुंगीनं लगेच सबब काढली. "सासूबाईंचा गुडघा दुखतो हो. घरी कुणीतरी लागतं."

"तुझ्या सासूबाई परवा बाजारात माझ्या पुढे चालत होत्या. मला दम लागला, त्यांना नाही."

झालं. घरी येऊन ही रडवेली. सासूबाई टीव्हीसमोर शेंगा सोलत बसलेल्या. "मी नापास झाले तर?" हिनं विचारलं.

"झालीस तर झालीस. आमच्या घरात ती पद्धत आहे," सासूबाई म्हणाल्या. "ह्याला विचार."

"लायसनच्या परीक्षेत मी आधी नापासच झालो होतो," नवरा आतून म्हणाला. "खांब मधे आला."

"खांब तिथंच होता रे. तू मधे गेलास."

कोर्सला पहिल्या दिवशी सगळ्यांनी उठून आपापली ओळख सांगायची होती. मुंगी उठली, तोंड उघडलं, आणि आवाजच आला नाही. शेजारणीनंच तिच्या वॉर्डाचं नाव सांगितलं आणि हिनं मान हलवली. शिकवणाऱ्या बाई बारीक अंगाच्या, चष्मा कपाळावर चढवून बोलणाऱ्या. फक्त "बसा, मानेनं सांगितलंत तरी पोचलं" एवढंच म्हणाल्या.

पण खोटं कशाला बोला, हळूहळू तिला गोडी लागली. इतकी वर्षं हात जे करत होते ते का करत होते, हे आता डोक्याला कळायला लागलं. पेशंटला थंडी वाजली की ती नुसती थंडी असते की इशारा असतो, छातीत बसवलेली नळी कशी धुवायची, कीमोचा थेंब शिरेबाहेर गेला तर पहिली गोष्ट काय करायची. घरी येऊन ती नवऱ्याच्या हातावरच्या शिरा दाबून बघायची. तो म्हणायचा, "मला सोड, मी चांगला आहे."

मग तो धडा आला. चुकीच्या रक्ताचा.

बाईंनी आवाज चढवला नाही, फळ्यावर काही लिहिलं नाही. नुसतं सांगितलं. एकाचं रक्त दुसऱ्याला लागलं की काय होतं. पिशवीभर लागत नाही, थोडंसं पुरतं. अंगातलं रक्तच फुटायला लागतं. लघवी काळपट लाल होते, मूत्रपिंडं बसतात, माणूस जातो. "आणि हे होण्याआधी," बाई म्हणाल्या, "काही पेशंट एक वाक्य बोलतात. मला भीती वाटतेय, काहीतरी वाईट होणार आहे. ताप नसतो, पुरळ नसतं, काही नसतं. त्या माणसाला फक्त कळलेलं असतं. तेव्हा त्याला धीर देत बसू नका. आधी रक्त बंद करा."

वर्गातल्यांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

"हे बहुतेक वेळा रक्तपेढीच्या चुकीनं होत नाही," बाई पुढे म्हणाल्या. "पलंगाजवळ होतं. म्हणून पिशवी लावण्याआधी माणसाला त्याचं नाव त्याच्या तोंडून सांगायला लावायचं. तुम्ही नाव घेऊन हो म्हणवायचं नाही. अर्धवट झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. मग मनगटावरचा पट्टा बघायचा. आणि पिशवी लावली की सुरुवातीची काही मिनिटं तिथंच बसायचं. दुसरं काम काढायचं नाही."

मुंगीच्या डोळ्यांसमोर आपला वॉर्ड आला. काका, काकू, आजोबा. आजवर तिनं किती पिशव्या लावल्या असतील, आणि त्यातल्या किती वेळा नाव विचारलं असेल? एकदाही नाही. आजवर काही झालं नाही, हे आठवून माणसाला बरं वाटायला पाहिजे. हिनं वहीच्या कडेला पिशव्यांचा हिशेब मांडायला घेतला आणि मधेच खोडून टाकला.

त्या दिवसापासून दाराबाहेर काढून ठेवलेली भीती मागोमाग वॉर्डात शिरली. लाल पिशवी हातात घेतली की बोटं गार पडायची. सुई लावताना शीर निसटायची. पंख्याखालच्या आजोबांना दोनदा टोचावं लागलं. ते गप्प बसले, पण खिडकीवाल्या काकू कुठल्या गप्प बसायला.

"मुंगीचा विंचू झाला की गं बाई," त्या अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "जास्त शिकली की अशी होतात माणसं. आमच्या जावेचं असंच झालं. स्वयंपाकाच्या वर्गाला गेली आणि पोळ्या बिघडल्या."

सगळे हसले. मुंगीही हसली, ओठांनी.

तरी तिनं शिकवल्याप्रमाणे करायला सुरुवात केली होती. पहिल्यांदा खिडकीवाल्या काकूंपासूनच. "काकू, तुमचं पूर्ण नाव सांगा."

काकूंनी चष्मा खाली ओढून तिच्याकडे बघितलं. "का? पोलिसात देणार आहेस?"

"नियम आहे हो. रक्त लावण्याआधी विचारायचं."

"इतकी वर्षं माझं रक्त काढतेस, माझ्या अंगात घालतेस, माझ्या सुनेच्या तक्रारी ऐकतेस. आणि आता नाव विचारतेस? सुनेनंसुद्धा एवढा अपमान केला नाही माझा."

त्या खरंच दुखावल्या. त्या दिवशी त्यांनी तिच्याशी सुनेचा विषय काढला नाही, म्हणजे बघा. मुंगीबरोबर पिशव्या तपासणारी दुसरी नर्स होती, तिला सगळे ढोलकी म्हणत, कारण तिच्या पोटात गोष्ट राहत नसे आणि हळू बोलणं तिला ठाऊक नव्हतं. ढोलकी म्हणाली, "कशाला म्हातारीचं मन मोडतेस? परीक्षेच्या दिवशी विचार. इथं कोण बघतंय?"

आणि मुंगीनं काय केलं? इतरांना विचारायची, खिडकीवाल्या काकूंना मात्र सोडून द्यायची. त्यांना तर आपण ओळखतोच, असं स्वतःला सांगायची. मनातल्या मनात मात्र प्रत्येक वेळी चरकायची.

कोपऱ्यातल्या पलंगावर आणखी एक काकू होत्या, नव्या. त्या बोलायच्याच नाहीत. वॉर्डानं त्यांचं नाव ठेवलं गप्प काकू. त्यांचं शरीर रक्त बनवेनासं झालं होतं, आणि त्यांना सारखी थंडी वाजायची. कोपऱ्यात ऊन येत नसे. खिडकीवाल्या काकूंच्या पलंगावर सकाळी छान ऊन यायचं.

परीक्षा घ्यायला कोर्सच्या बाई वॉर्डात यायच्या होत्या त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. खिडकीवाल्या काकूंना छातीचा फोटो काढायला खाली नेणार होते. व्हीलचेअरमध्ये बसता बसता त्या गप्प काकूंना म्हणाल्या, "मी येईपर्यंत पड जरा माझ्या उन्हात. वाया कशाला घालवायचं?" गप्प काकू आयाबाईंकडून आपलं सलाईन बंद करवून घेऊन, हाताची नळी सांभाळत आल्या, खिडकीतल्या पलंगावर पडल्या, डोक्यावरून पांघरूण घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. हे सगळं चाललं तेव्हा मुंगी आणि ढोलकी औषधांच्या खोलीत होत्या. पांघरुणं तर हॉस्पिटलची, सगळी एकासारखी एक.

रक्तपेढीतून पिशवी आली. खिडकीवाल्या काकूंची.

दोघी पलंगाशी गेल्या. ढोलकीनं फाइल काढली, वाचायला लागली. पिशवीचा नंबर, रक्तगट बी, तारीख. मुंगी पिशवीवर बोट ठेवून ऐकत होती. सगळं जुळलं. जुळणारच, फाइल त्या पलंगाची आणि पिशवी त्या फाइलीची. पांघरुणाच्या कडेतून हातात बसवलेल्या नळीचं टोक बाहेर आलेलं होतं, तशी नळी खिडकीवाल्या काकूंनाही होती. मनगट आत.

मुंगीच्या जिभेवर प्रश्न आला. आणि लगेच काकूंचा तो चष्म्यावरून बघणारा चेहरा आला. उद्या परीक्षा. आज कशाला रुसवा ओढवून घ्यायचा? झोपल्याही आहेत.

"काकू, रक्त लावते हं," ती म्हणाली.

"हं," आतून आलं.

तिनं पिशवी जोडली. थेंब सुरू केले. आणि स्टूल ओढून बसली.

"आता काय पिल्लं उबवणार का तिथं?" ढोलकी म्हणाली.

"बसायचं असतं थोडा वेळ."

"बस बाई, बस. मी चहाचं बघते."

आधीची मुंगी असती तर ती बसली नसती हो. चार कामं उरकून आली असती. आता बसली ती केवळ भीतीनं. थेंब बघत होती. एक पडला, दुसरा पडला. उन्हात ती नळी लालबुंद दिसत होती. पांघरूण वर-खाली होत होतं, हळू. मग जरा भराभर.

"ताई," आतून आवाज आला.

"काय काकू?"

"मला भीती वाटतेय."

तो आवाज खिडकीवाल्या काकूंचा नव्हता. हे मुंगीला कळलं, पण कळलेलं आत शिरायला तयार नव्हतं, दारातच उभं राहिलं.

"कसली भीती?"

"माहीत नाही. कंबर फार दुखतेय. काहीतरी होणार आहे मला."

पांघरूण खाली आलं. घामानं भिजलेला, राखेसारखा चेहरा. गप्प काकूंचा.

आणि तेवढ्यात मागून, दारातून, व्हीलचेअरच्या कुरकुरीसकट खिडकीवाल्या काकूंचा ठसठशीत आवाज आला, "सारखं श्वास धरा, श्वास सोडा. माझा श्वास, मी काय ते बघेन ना."

मुंगीनं नळीचा चाप बंद केला. हे तिनं केलं की तिच्या हातांनी, ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. पिशवी नळीसकट काढली, नवीन नळीनं सलाईन जोडलं, आणि डॉक्टरांना हाक मारली. कोर्सच्या ओळखीला जो आवाज आला नव्हता, तो आता अख्ख्या मजल्यावर गेला. डॉक्टर धावत आले.

"काय झालं?"

ढोलकी चहाचे कप हातात घेऊन आली होती. तिनं एका नजरेत ओळखलं. "पलंग बदलले हो यांनी, आपापसात," ती घाईघाईनं म्हणाली. "आम्हाला काय माहीत."

"चुकीचं रक्त गेलं," मुंगी म्हणाली. "यांचा गट ओ आहे, पिशवी बीची. मी नाव विचारलं नाही. पट्टा बघितला नाही."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. मग कुणीच काही विचारलं नाही, सगळे कामाला लागले. ऑक्सिजन, इंजेक्शनं, रक्ताचे नमुने, पिशवी परत रक्तपेढीकडे. गप्प काकूंचे दात वाजत होते. त्यांनी मुंगीचा हात घट्ट धरला होता, कारण त्यांच्या हाताशी तोच होता. त्यांना अतिदक्षता विभागात नेताना तो हात सोडवावा लागला, एकेक बोट उलगडून.

खिडकीवाल्या काकू व्हीलचेअरमध्येच बसून राहिल्या. पलंगावर जायला तयार होईनात. "मीच म्हटलं तिला पड म्हणून," एवढंच सारखं म्हणत राहिल्या. त्या बाईंना इतकं हळू बोलता येतं, हे वॉर्डाला तेव्हा कळलं.

पुढचे दिवस मुंगी एकाच गोष्टीच्या भीतीवर जगली. लघवीचा रंग. अतिदक्षता विभागात लघवीची पिशवी पलंगाला लावलेली असते. ती तिथं जाऊन काचेतून बघायची. पहिल्यांदा बघितली तेव्हा कोऱ्या चहासारखी होती. घरी जेवायला बसली तर घास फिरायचा. सासूबाईंनी शेंगा सोलायच्या थांबवल्या, टीव्ही बंद केला, आणि काही न बोलता तिच्या ताटातलं अर्धं आपल्या ताटात काढून घेतलं, निदान उरलेलं तरी खाल्लं जावं म्हणून. पुढच्या खेपेला रंग तसाच. मग थोडा फिका वाटला, पण आपल्या इच्छेनंच फिका दिसतोय की काय, म्हणून तिनं तिथल्या नर्सला विचारलं. "फिका आहे," ती म्हणाली. "पण रिपोर्ट अजून वर आहेत. आज कळेल."

आज कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. आकडे उतरले होते. मूत्रपिंडं वाचली होती. थोडंसंच गेलं होतं, आणि वेळेवर थांबलं होतं. मुंगी पायऱ्यांवर बसली आणि तिला ओकारी आली.

परीक्षा अर्थातच झाली नाही. कोर्सच्या बाई आल्या त्या चौकशीलाच आल्या. त्यांनी तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि ह्या वेळी चष्मा डोळ्यांवर ठेवून एकेक शब्द लिहून घेतला. शेवटी म्हणाल्या, "ह्या वेळी तुम्हाला पास करता येणार नाही. पुढच्या तुकडीला यायचं असेल तर पहिल्या दिवसापासून." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मुंगीला वाटलं. ढोलकीचीही चौकशी झाली, तिला ताकीद मिळाली. मुंगीला रक्ताच्या पिशवीला हात लावायची बंदी. ती ताप मोजायला लागली.

गप्प काकू वॉर्डात परत आल्या. त्यांना आता त्यांचं योग्य रक्त द्यायचं होतं. मुंगी जवळ गेली, निदान शीर तरी शोधून द्यावी म्हणून. गप्प काकूंनी हात पांघरुणात घेतला.

"तू नको," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ शब्द गोळा करून, "राग नाही गं. पण तू आलीस की माझी कंबर दुखायला लागते."

मुंगी थर्मामीटर घेऊन पुढच्या पलंगाकडे गेली.

मेट्रनबाईंनी बोलावलं. "डोळ्यांच्या विभागात जागा आहे," त्या म्हणाल्या. "थेंब घालायचे, पट्टी बांधायची. तिथं कुणी मरत नाही. हवी असेल तर उद्या सांग. यात कमीपणा नाही."

मुंगीला इतकं हायसं वाटलं की तिला स्वतःची लाज वाटली. डोळ्यांचे थेंब. त्या थेंबांना रंगसुद्धा नसतो. घरी जाऊन तिनं नवऱ्याला सांगितलं.

"तुमच्याकडे कुणी गाडी ठोकली तर?" तिनं विचारलं. "परत येतात?"

"काही येतात. काही नाही येत."

"मग ते?"

"बसनं जातात," तो म्हणाला. "वाईट माणसं नसतात ती. पोचतात सगळीकडे."

दुसऱ्या दिवशी ती ठरवूनच वॉर्डात गेली, की जेवणाच्या सुट्टीत मेट्रनबाईंना हो सांगायचं. पंख्याखालच्या आजोबांच्या काखेत थर्मामीटर ठेवून ती घड्याळ बघत होती. पलीकडे ढोलकी दुसऱ्या एका नर्सबरोबर दारातल्या काकांच्या पलंगाशी उभी होती. लाल पिशवी खांबाला लटकलेली. फाइल वाचून झाली.

"काका, रक्त लावते हं," ढोलकी म्हणाली.

"हं," काका म्हणाले.

"नाव विचार," मुंगी म्हणाली.

म्हणाली कसली, ओरडलीच. आजोबांच्या काखेतून थर्मामीटर सटकलं. खिडकीवाल्या काकू उठून बसल्या. ढोलकीच्या हातातली नळी तशीच राहिली.

"अगं, काका आहेत ते," ढोलकी म्हणाली. "जागे आहेत. माझ्याकडे बघतायत. ओळखत नाही का मी त्यांना?"

"नाव विचार त्यांना. आणि पट्टा बघ."

"तुला बंदी आहे ना रक्ताला?"

"हात कुठं लावलाय मी? तोंडानं सांगतेय."

वॉर्डात कुणी हसलं नाही. ढोलकीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग ती काकांकडे वळली आणि दात आवळून म्हणाली, "काका, आपलं पूर्ण नाव सांगा."

काका बिचारे गोंधळले. आपलं सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि काही चुकलं तर नको म्हणून गल्लीसुद्धा सांगितली. ढोलकीनं मनगट उलटं करून पट्टा वाचला. पिशवी काकांचीच होती. काहीच चुकलेलं नव्हतं.

"झालं समाधान?" ढोलकी म्हणाली.

मुंगी आजोबांच्या पलंगाच्या कडेवरच बसली, जे नियमात बसत नाही. आजोबांनी खाली पडलेलं थर्मामीटर चाचपडत शोधलं आणि आपलं आपण काखेत परत ठेवलं. चहाच्या वेळी ढोलकीनं तिला कप दिला नाही. स्वतःचा घेतला आणि लांब जाऊन बसली. ढोलकी गप्प बसली म्हणजे प्रकरण गंभीर. ते तसंच पुढे बरेच दिवस चाललं, हे मी लपवत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मुंगी मेट्रनबाईंच्या दारात उभी राहिली.

"मग?" मेट्रनबाई डब्यातून मान वर न करता म्हणाल्या. "डोळ्यांकडे कधीपासून?"

"नको. इथंच राहते."

"भीती गेली?"

"नाही. वाढलीय."

मेट्रनबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "सकाळचं कळलंय मला. ढोलकी येऊन गेली तुझ्या आधी." मग आवाज खाली आणला, पण रागावून नाही. "कोर्स पहिल्या दिवसापासून करावा लागेल. तोपर्यंत पिशवीला हात नाही. आणि त्या बाईंचा फोन होता. तू परत येणार असशील तर ह्या खेपेला चुकीच्या रक्ताचा धडा तू सांगायचास, म्हणाल्या. वर्गासमोर. सगळं, पहिल्यापासून."

मुंगीनं दाराची चौकट धरली.

"बसून सांगितलं तर चालेल का?" तिनं विचारलं.

"विचारते त्यांना," मेट्रनबाई म्हणाल्या आणि फोन उचलला.